बास किती आहे ते नको, तो कुठे थांबतो ते सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत गेमिंगसाठी आणि बासवाल्या गाण्यांसाठी हेडफोन कोणता घ्यावा यावर पानभर मजकूर होता. तो मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर राहवलं नाही म्हणून हे पत्र. विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला, कारण रोज चार-पाच तास कानावर चढवून ठेवायची ही वस्तू आहे आणि तिच्याबद्दल मराठीत नीट कोणी लिहीत नाही. पण त्या पानावर प्रत्येक हेडफोनला मार्क देताना तुम्ही तीन गोष्टी बघितल्यात, ड्रायव्हर (कपातली आवाज काढणारी चकती) किती मिलिमीटरचा, ७.१ सराउंड (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास) आहे का, आणि बास, म्हणजे खालचे जाड सूर, किती दणदणीत. या तीनपैकी एकीवरूनही तो हेडफोन गेमला चालेल की नाही ते कळत नाही. बासबद्दल तर प्रश्नच चुकीचा विचारलाय असं मला वाटतं. बास किती आहे हा प्रश्न नाहीच, तो वर कुठपर्यंत चढतो आणि कुठे थांबतो हा प्रश्न आहे.

लिहायचं कारण असं की माझा धाकटा भाऊ तेच पान कापून घेऊन आला आणि म्हणाला दादा यातला पहिल्या नंबरचा घेतो, सगळ्यात जास्त बास त्यालाच आहे. तीन वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं. त्यातून काय झालं ते आधी सांगतो म्हणजे मी एवढं तळमळून का लिहितोय ते कळेल.

मी रात्री शूटर गेम खेळतो आणि बाकी वेळ इलेक्ट्रॉनिक गाणी ऐकतो, ज्यात सगळा जीव खालच्या सुरात असतो. दोन्हीसाठी एकच हेडफोन हवा होता म्हणून बॉक्सवर मोठ्या अक्षरात बास लिहिलेला एक गेमिंग हेडसेट घेतला, कंपनीचं नाव घेत नाही. पहिले दोन दिवस भारी वाटलं. ग्रेनेड फुटला की छातीत धडकी, गाण्यात ड्रॉप, म्हणजे बास एकदम कोसळतो ती जागा, आला की कानाच्या पाळ्या हलतायत असं वाटायचं. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की मी मागून मारला जातोय, रोज, त्याच त्या जिन्यावर. टीममेट ओरडून सांगायचे की अरे पावलं वाजत होती, तुला ऐकू कशी आली नाहीत, आणि मला खरंच आली नव्हती. मग मी आवाज वाढवला. पावलं थोडी ऐकू आली पण स्फोट त्याहून मोठे झाले, आणि ते दडपायला लागले की मी पुन्हा एक पॉइंट वर. असं करत करत काही महिन्यांनी एका रात्री हेडफोन काढून आडवा झालो तर खोली शांत आणि माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी चालू. पंखा बंद केला, खिडकी लावली, तरी ती तिथेच. सकाळी गेली, पण त्या आठवड्यात तीनदा परत आली. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली, ती ठीक निघाली, त्यांनी आवाज आणि तास दोन्ही कमी करायला सांगितले. एवढ्यावर निभावलं याचं मला आजही बरं वाटतं.

आता हे का होतं ते. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा लहान तितका सूर जाड. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्यातला २० ते २५० पर्यंतचा पट्टा म्हणजे बास. पण त्या पट्ट्यातही दोन वेगळ्या वस्त्या आहेत. ६०-७०च्या खालचा तो सब-बास, जो ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, इलेक्ट्रॉनिक गाण्यातला तळ त्याच्याही खाली जातो. आणि १०० ते २५० म्हणजे मिड-बास, तिथे घुमणं, फुगणं, डग्ग्यावर हात दाबून धरल्यासारखा आवाज. माणसाच्या बोलण्याचा मूळ सूरसुद्धा याच भागात पडतो, पुरुषांचा साधारण ८५ ते १८० आणि बायकांचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे मिड-बास फुगवला की गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो आणि व्हॉइस चॅटवर टीममेट काय बोलतोय ते कळेनासं होतं. स्वस्तात दणका दाखवायचा असेल तर कंपन्या हाच भाग फुगवतात, कारण खरा सब-बास काढणं अवघड आणि हे सोपं, आणि दुकानात दोन मिनिटं ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात.

त्यात कानाचा स्वतःचा एक स्वभाव आहे. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो, उलटं तेवढं होत नाही. याला मास्किंग म्हणतात, आणि खालचा आवाज जितका मोठा तितकी त्याची सावली वर वर पसरत जाते. म्हणून आवाज वाढवून पावलं शोधायचा माझा उपाय मुळातच उलटा होता, जेवढा वाढवत होतो तेवढी सावली लांबत होती. गेममधल्या पावलात खाली एक धप्प असते आणि वर बुटाची खरखर, लादीवर टकटक, पत्र्यावर खणखण. शत्रू कुठल्या बाजूला आहे, कशावरून चाललाय, ते सगळं त्या वरच्या भागात असतं. खालच्या धप्पमधून दिशा फारशी कळत नाही, कारण ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर, तिला तुमचं डोकं मध्ये आलंय हेसुद्धा जाणवत नाही, दोन्ही कानांवर ती जवळपास सारखीच पोचते.

मग बासप्रेमींनी बास सोडायचा का? अजिबात नाही, मी पण सोडलेला नाही. फक्त तो १०० हर्ट्झच्या आसपास आटोपला पाहिजे. हरमन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या ठेवणीचे आवाज ऐकवून कोणता आवडतो ते तपासलं, आणि त्यातून जी पसंतीची रेषा निघाली तिला हरमन टार्गेट म्हणतात. त्या रेषेत बास सपाट नाहीच, १०० हर्ट्झच्या आसपासपासून खाली तो चांगला उचललेला आहे, पण त्याच्या वर १५०-२५०च्या भागात तो गप्प बसतो. म्हणजे दणका हवाय असं म्हणणारे आपण काही विचित्र नाही, बहुतेकांना तो आवडतोच. असा हेडफोन असेल तर ग्रेनेडचा हादरा पण मिळतो आणि जिन्यावरची खरखर पण मोकळी राहते, एकच हेडफोन दोन्ही कामं करतो. म्हणूनच तुमच्या यादीत दणदणीत या एका शब्दात दोन अगदी वेगळे हेडफोन एकाच रांगेत बसलेले बघून वाईट वाटलं.

ड्रायव्हरच्या आकाराबद्दल तर लिहायलाच हवं. ४० पेक्षा ५० मिलिमीटर भारी, असं तुमच्या पानावर सरळ वाक्य आहे. आकाराचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, पण त्यावरून बास ठरत नाही. कानाच्या आत जाणाऱ्या इयरफोनचा ड्रायव्हर बऱ्याचदा १० मिलिमीटर किंवा त्याच्याही खाली असतो आणि तरी त्यातून पोटात जाणारा बास येतो, का तर त्याची रबरी टोपी कानाचं भोक घट्ट बंद करते. सगळा खेळ त्या बंद करण्याचा आहे. कानावरच्या हेडफोनमध्ये ते काम पॅड करतं, पॅड आणि गाल यांच्यामध्ये फट राहिली की सगळ्यात आधी सब-बास निसटतो, मिड-बास मात्र बराचसा राहतो, आणि मग माणूस म्हणतो बास आहे पण मजा नाही.

मला हे उशिरा कळलं आणि कळलं ते चष्म्यामुळे. जाड काडीचा चष्मा आहे माझा. एकदा गाणं चालू असताना चष्मा पुसायला काढला, हेडफोन तसाच होता, आणि अचानक खालून एक नवीन सूर उगवला जो त्या गाण्यात मी शंभरदा ऐकूनही कधी ऐकला नव्हता. चष्मा परत घातला, सूर गायब. काढला, आला. काडीमुळे पॅड कानाच्या मागे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वर उचललं जात होतं, आरशात बघितलं तर बारीक फट दिसत पण होती. त्यानंतर बारीक काडीचा चष्मा केला आणि मऊ, जाड पॅडचा हेडफोन घेतला. वाचकांना एक साधी परीक्षा सांगतो, घ्यायच्या आधी करा. ३०-४० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही तळव्यांनी कप हलकेच डोक्याकडे दाबा. दाबल्यावर बास वाढला तर समजा की हा हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही, मग त्याचे रिव्ह्यू कितीही चांगले असोत. चष्मा असेल तर चष्म्यासकट करा, केस लांब असतील तर केस मध्ये घेऊन करा, घरी जसे असता तसेच. आणि मग २० पासून २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा सूर ऐका. तो कुठून सुरू झाला, मध्येच एकदम फुगला का, १५० नंतर भोंगा वाजल्यासारखा झाला का, हे दोन मिनिटांत कळतं, आणि त्या दोन मिनिटांत बॉक्सवरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त माहिती मिळते. बॉक्सवर १० हर्ट्झ ते ४०,००० हर्ट्झ लिहिलेलं असतं त्याला तसा काही अर्थ नाही, १० हर्ट्झला आवाज किती डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) पडतो ते सोबत लिहिलेलं नसेल तर तो आकडा नुसता शोभेचा.

तसंच जुन्या हेडफोनचा बास गेला म्हणून नवीन घेणाऱ्यांना विनंती, आधी पॅड बघा. रेक्झिन फाटून पापुद्रे निघाले असतील किंवा स्पंज बसला असेल तर नवीन पॅड लावून बराचसा बास परत येतो. फक्त जाडी आणि आकार मूळच्याच घ्या, जाळीचं किंवा मखमली पॅड लावलं की हवा निघून जाते आणि आवाजाची सगळी ठेवण बदलते. मखमली पॅड लावूनच डिझाइन केलेला हेडफोन असेल तर गोष्ट वेगळी, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तसाच आहे, बंद कपाचा आणि तरी मखमली, आणि त्याचा तळ भरपूर खोल जातो. त्याचा वरचा आवाज मात्र काहींना टोचतो हे पण खरं.

बंद कप की उघडा यावर तुम्ही दोन ओळीत उरकलंत. उघड्या हेडफोनची कहाणी १९६८ साली सेनहायझरच्या एचडी ४१४ पासून सुरू होते. कपाची पाठ जाळीची, आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो, त्यामुळे ऐकताना मोकळं वाटतं, गेममध्ये लांबचं लांब आणि जवळचं जवळ वाटायला बरं पडतं आणि कान तापत नाहीत. पण उघड्या ड्रायव्हरला हवा कोंडायला जागा नसल्यामुळे त्यांचा सब-बास बहुतेक वेळा उतरतो. त्यांचाच एचडी ६०० हा १९९७ पासूनचा हेडफोन, अजूनही लोक त्याची शपथ घेतात, आवाज फार खरा आहे, पण ज्याला खालचा हादरा हवा त्याला तो देऊ नका, निराश होईल. उघड्यातही प्लेनर मॅग्नेटिक, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या, प्रकारचे काही तळापर्यंत सपाट जातात, पण ते बऱ्याचदा जड असतात आणि ४०० ग्रॅमच्या वर वजन गेलं की दोन तासांनी मान बोलायला लागते. माझं मत विचाराल तर बासवाल्या गाण्यांसाठी आणि गेमसाठी एकच हेडफोन घ्यायचा असेल आणि घरात दुसरं कोणी झोपलेलं असेल तर बंदच घ्या, वजन ३००च्या आत बघा. एकटे राहत असाल आणि गेम जास्त, गाणी कमी, तर उघडा.

७.१ बद्दल मात्र जरा सविस्तर, कारण भाऊ सर्वात जास्त त्यालाच भुलला होता. हेडफोनमध्ये ड्रायव्हर दोनच असतात, एका कानाला एक. काही मॉडेलमध्ये जास्त बसवले गेले होते पण आज दुकानात ७.१ म्हणून जे मिळतं ते बहुतेक सगळं सॉफ्टवेअर आहे. आणि खरं तर दोन पुरतात, कारण कानही दोनच आहेत. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला जास्तीत जास्त साधारण ०.७ मिलिसेकंद उशिरा, तेवढा फरक मेंदू पकडतो, आणि वरच्या सुरांना डोकं आडवं येतं म्हणून ते दुसऱ्या कानाला हळू ऐकू येतात. हा दुहेरी हिशेब भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडला होता. समोरून की मागून, वरून की खालून हे मात्र कानाच्या पाळीच्या वळणांवरून कळतं, पाळी त्या त्या दिशेच्या आवाजाला जरा जरा रंग देते. हा सगळा हिशेब गणितात बसवला की त्याला एचआरटीएफ म्हणतात, आणि बऱ्याच शूटर गेममध्ये तो गेमच्या आतच असतो, काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१६ पासून आहे. गेमला प्रत्येक पावलाची नेमकी जागा माहीत असते, त्यामुळे हे काम त्यालाच सर्वात चांगलं जमतं. आता गेमने एकदा दिशा लावली आणि वर हेडसेटच्या सॉफ्टवेअरने पुन्हा ७.१ लावलं तर दोन चाळण्यांतून गाळल्यासारखं होतं, सगळं लांब, पोकळ, बाथरूममध्ये वाजल्यासारखं आणि दिशा पण पुसट. म्हणून दोनपैकी एकच ठेवा, गेममध्ये एचआरटीएफ असेल तर हेडसेटचं बंद करून साधं स्टीरिओ. भावाला बसवून दोन्ही ऐकवलं, मागे वळून न बघता पाऊल कुठून येतंय ते बोट दाखवायला सांगितलं. स्टीरिओवर दहापैकी आठदा बरोबर आला, दोन्ही चालू ठेवल्यावर चारदा. एकाच मुलावर एका संध्याकाळी केलेला प्रयोग आहे, शास्त्र नाही, पण त्याची खात्री पटली.

वायरलेसचं एक. तुमच्या यादीत साधे ब्लूटूथवाले दोन हेडफोन गेमिंगसाठी सुचवलेत, ते चुकलंय. नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २०० मिलिसेकंद मागे राहतो. पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, त्या हिशेबाने आवाज नऊ ते बारा फ्रेम मागे, बंदुकीचा चाप ओढल्यावर धाड नंतर. गाण्याला चालतं, गेमला नाही. शिवाय पीसीवर ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा सगळा आवाजच फोन कॉलच्या दर्जावर उतरतो, मोनो आणि चेपलेला, आणि तुमचा सगळा बास तिथेच गेला. वायरलेसच हवा असेल तर स्वतःचं २.४ गिगाहर्ट्झचं यूएसबी डोंगल असलेला घ्या, त्यात लॅग जाणवत नाही. नाहीतर वायर, वायरला अजून तोड नाही.

वायरवाला घेताना ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा मात्र बघाच. एकच मॉडेल वेगवेगळ्या ओहममध्ये येऊ शकतं, वर सांगितलेला डीटी ७७० प्रो ८० मध्ये आणि २५० मध्ये दोन्ही मिळतो. लॅपटॉपच्या जॅकला थेट लावायचा असेल तर ३२ ते ८० च्या आसपासचा बरा, २५० किंवा ३०० वाला थेट लावला तर आवाजच पुरत नाही आणि लोक म्हणतात हेडफोन खराब निघाला. बिचाऱ्याला अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारी पेटी, लागतो एवढंच. आणि डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकमधून सुंई सुंई येत असेल तर छोटा यूएसबी डॅक (कॉम्प्युटरच्या बाहेर आवाज तयार करणारी डबी) लावा, जातं ते.

यानंतरची गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते आणि तुमच्या पानावर तिचा उल्लेखही नाही, ती म्हणजे इक्वलायझर (इक्यू), वेगवेगळ्या सुरांचा आवाज कमी-जास्त करायची सोय. विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याने सगळ्या कॉम्प्युटरचा आवाज घडवता येतो. मी दोन प्रोफाइल ठेवलेत. गाण्यांसाठी १०० हर्ट्झच्या खालचा सगळा पट्टा एकदम उचलणारं लो-शेल्फ ५ डेसिबल वर आणि २०० च्या आसपास २ डेसिबल खाली. गेमसाठी तेच शेल्फ शून्यावर, २०० चं तसंच, आणि ३ किलोहर्ट्झच्या आसपास किंचित वर, जास्त नाही, जास्त केलं की गोळ्या कानात टोचतात. एक गोष्ट विसरायची नाही, जेवढं वर उचललं तेवढंच प्रीअँप, म्हणजे सगळ्या आवाजाची मूळ पातळी, खाली करायचं, ५ वर तर प्रीअँप उणे ५, नाहीतर ड्रॉप आला की आवाज फाटतो आणि आपल्याला वाटतं ड्रायव्हर गेला. एवढ्याने माझा तो जुना फुगलेला हेडसेटसुद्धा बराच शहाणा झाला असता, तेव्हा माहीत असतं तर. पण इक्यू जादू नाही, फटीतून निसटलेला बास त्याने परत येत नाही, फटीत कितीही ओता, ते बाहेरच जाणार. म्हणून आधी पॅड, मग इक्यू.

आणि आवाज किती ठेवायचा ते. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू असला की कानाला बास खूपच कमी ऐकू येतो, मधले सूर तेवढे पडत नाहीत. म्हणून तर आपण बास हवा की व्हॉल्यूम वाढवतो, न कळत, सगळेच. त्याऐवजी व्हॉल्यूम खाली ठेवून तेवढा बास शेल्फने वर घ्या, मजा तीच मिळते आणि कानावरचा मार कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलवर मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, ९० वर फक्त ४ तास. दहाच डेसिबलचा फरक आणि तास एक दशांश. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते म्हणून असं. रोज चार तास खेळणाऱ्या पोराने ९० वर ठेवलं तर आठवड्याचा कोटा सोमवारीच संपला, आणि त्याला मंगळवारी काहीच दुखत नाही ही खरी अडचण आहे. मोबाइलवर निदान इशारा येतो, पीसीवर बहुतेक वेळा काही येत नाही. मी गेम चालू करायच्या आधी शांत खोलीत बोलणं स्पष्ट ऐकू येईल एवढाच आवाज लावतो आणि मग मॅच संपेपर्यंत त्या नॉबला हात लावत नाही. पहिला आठवडा सगळं फिकं वाटलं, दुसऱ्या आठवड्यात कान सरावले, पावलं पण ऐकू यायला लागली.

माइकबद्दल फार लिहीत नाही, हेडसेटबरोबर आलेला माइक बोलण्यापुरता असतो आणि तेवढा पुरतो. चांगला गाण्याचा हेडफोन घेऊन त्याला वेगळा क्लिपवाला किंवा टेबलावरचा माइक लावणं मला जास्त पटतं, कारण मग हेडफोन निवडताना गेमिंग लिहिलेल्याच रांगेत अडकायला होत नाही. रंगीत लाइटने आवाजात काही होत नाही हे भावाला सांगावं लागलं नाही, ते त्याने स्वतःच सांगितलं.

तर संपादक महोदय, विनंती अशी की अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा ड्रायव्हरच्या रकान्याच्या जागी वजन ग्रॅममध्ये द्या, ओहम द्या, डोंगल आहे की नुसतं ब्लूटूथ ते द्या, पॅड बदलायला मिळतात का ते द्या. बासच्या रकान्यात दणदणीत, मध्यम, कमी असं नको, तो ४० हर्ट्झला कसा आहे आणि २०० ला कसा आहे असे दोन आकडे द्या, मोजलेले आलेख आज सहज मिळतात. आणि ज्याने परीक्षण केलं त्याने चष्मा घातला होता का तेही लिहा. तुमचं पान हातात धरून दुकानात जाणारी कितीतरी पोरं आहेत, माझ्या घरात एक आहे, त्याने खरेदी पुढच्या महिन्यावर ढकललीय आणि तोपर्यंत माझाच हेडफोन तळव्यांनी दाबून दाबून बघत बसलेला असतो.

आपला,
पुरवणी पहिल्या पानापासून वाचणारा एक वाचक